आकड्याचा बाप

पट्टीचं एक टोक खाल्लेलं होतं. खाल्लेलं म्हणजे खरोखरच दातांनी – पारदर्शक प्लॅस्टिकची फूटभर पट्टी, तिचा पहिला सेंटिमीटर नाहीसा, कडेला बारीक खाचा, आणि आकडे थेट एकपासून सुरू. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्या खाचांमध्ये अडकून बसला होता आणि तो समोरचा निबंध वाचायचं सोडून त्या उजेडाकडेच बघत राहिला होता... पान चौदा, ओळ अकरा. ओळीखाली पट्टी धरून वाचायची त्याची सवय बावीस वर्षांची. संस्थेत तिची टिंगल होई, मास्तर पट्टी घेऊन बसले म्हणत, म्हणोत बापडे. पट्टी धरली की डोळा पुढे पळत नाही. आज मात्र डोळ्याला पळायचंच होतं, कारण निबंध चांगला होता, आणि पानागणिक जास्तच चांगला होत चालला होता.

निबंध ड्रोनबाईचा. शेजारी देशाची चालकाविना उडणारी विमानं, ती किती लांबवर येऊ शकतात, आपण रडार कुठे उभी करायला हवीत, असा विषय. या विषयात आता तिच्यावाचून पान हलत नाही, असं संचालक म्हणत, आणि म्हणताना त्याच्याकडे बघत नसत. सगळी संस्था तिला ड्रोनबाई म्हणे, तिच्या तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडे – हेही त्याला खुपे. टोपणनाव ज्याच्या तोंडावर घेतात तो माणूस लाडका असतो. ज्याच्या पाठीमागे घेतात त्याचं काय असतं, ते मास्तरांना सांगायला नको होतं.

आठ वर्षांपूर्वी ती मदतनीस म्हणून आली तेव्हा याच खोलीत, याच टेबलाच्या त्या टोकाला बसायची. सव्वीस वर्षांची पोर, हुशार, पण कागद अस्ताव्यस्त, संदर्भ अर्धवट, कुठून काय घेतलं याचा पत्ता नाही. तळटीप कशी लिहायची ते कुणी शिकवलं? मी. परराष्ट्र खात्याचं पत्रक ओळींच्या मधून कसं वाचायचं, एखाद्या देशाने कुठल्या गोष्टीबद्दल गप्प राहायचं ठरवलंय ते कसं ओळखायचं... मीच. आकडा दिसला की आधी त्याचा बाप शोध, असं तो तिला सांगायचा; आकडे अनाथ फिरत असतात, दत्तक घेणारे पुष्कळ, जन्म देणारा सापडत नाही. आणि सापडला, तर त्याला एकदा विचारून गप्प बसू नकोस, दुसऱ्यांदा विचार, कारण पहिल्यांदा माणूस सवयीने उत्तर देतो आणि दुसऱ्यांदा विचार करून. ती हे सगळं वहीत लिहून घ्यायची. तेव्हा त्याला ते फार आवडलं होतं, एवढं की त्या वर्षी तो घरी जेवताना रोज तिचंच काहीतरी सांगत बसे, आणि शेवटी बायको म्हणाली होती की बाबा रे, तुझी ती शिष्या एक दिवस तुझ्या डोक्यावर बसेल, तेव्हा रडत येऊ नकोस.

डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावरच बसली. तिची खोली आता बरोबर त्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खिडक्यांची. त्या खोलीसाठी त्याने सहा वर्षांत तीन अर्ज केले होते. ती खुर्ची मागे सरकवून उठली की त्याच्या छतातून खर्र आवाज येई, आणि दिवसातून ती किती वेळा उठते हे त्याला नको असताना पाठ झालं होतं.

आणि गुरुवारी, म्हणजे परवा, ती संरक्षण मंत्रालयाच्या समितीपुढे बोलणार होती.

त्या समितीसाठी बावीस वर्षांत त्याने अकरा टिपणं लिहिली होती. अकराही दुसऱ्यांनी वाचून दाखवली. एकदा तो दारापर्यंत गेला होता. बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसला होता, आत तेव्हाचे संचालक त्याची वाक्यं वाचत होते, आणि दार जरा किलकिलं राहिल्यामुळे त्याला आपलं एक वाक्य ऐकू आलं होतं, दुसऱ्याच्या आवाजात, चुकीच्या ठिकाणी थांबून म्हटलेलं. त्याला हाक मारायला कुणी बाहेर आलं नाही. परवा ती आत जाईल, गोल टेबलाशी बसेल, तिच्यासमोर तिच्या नावाची पाटी असेल, पाण्याचा ग्लास असेल, आणि ती बोलेल. असूया म्हणजे काय तर पोटात काहीतरी गिळल्यासारखं होणं आणि ते खालीही न जाणं, वरही न येणं – गेला आठवडाभर त्याला असंच होत होतं, आणि त्याने स्वतःशी ते नाकारलंही नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर माणूस निदान स्वतःशी तरी खोटं बोलायचं कमी करतो. की त्यातसुद्धा नुसता सराईत होतो?

निबंध परीक्षणासाठी त्याच्याकडेच यावा, हा संचालकांचा भोळेपणा की डाव, ते कळायला मार्ग नव्हता. तुझ्याइतकं बारीक कोण वाचणार, असं म्हणून त्यांनी कागदांचा गठ्ठा दिला, सोबत एक छापील अर्ज, मंगळवारी पाचच्या आत भरून द्यायचा. परीक्षकाचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही असा नियम. अर्थात समासातल्या त्याच्या शिसपेन्सिलीच्या खुणा संस्थेतल्या शेंबड्या पोरानेही ओळखल्या असत्या. आज मंगळवार. अर्जावरचा पहिला प्रश्न त्याने सकाळीच उरकला होता. परीक्षकाचा या निबंधातील मजकुराशी काही वैयक्तिक संबंध आहे काय? त्याने 'नाही'वर खूण केली होती, आणि ती करताना हात जरा जास्तच ठामपणे चालला होता.

पान चौदा, ओळ अकरा. त्याने पट्टी सरळ केली. 'या विमानाचा पल्ला तीनशे ऐंशी किलोमीटर असल्याचे सर्वमान्य आहे.'

सर्वमान्य.

त्याने ओळ पुन्हा वाचली. मग खाली तळटीप बघितली. चार संदर्भ: दोन परदेशी संस्थांचे वार्षिक अहवाल, एक लष्करी मासिक, एक जाडजूड तक्त्यांचं पुस्तक, जे दरवर्षी नवं येतं आणि जे उघडल्याशिवाय या धंद्यात कुणी तोंड उघडत नाही. चार साक्षीदार, चौघे एकमेकांपासून हजारो मैल लांब, आणि चौघांचं एकच म्हणणं. तीनशे सत्तर नाही, चारशे नाही. तीनशे ऐंशी. तो उभा राहिला, पुन्हा बसला. हा आकडा त्याच्या ओळखीचा होता; ओळखीचा कसला, त्याच्या घरात, त्याच्या जेवणाच्या टेबलावर तो जन्मला होता. आणि त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते भय नव्हतं, लाजही नव्हती, तर हे वाटलं की चार नावं आहेत आणि त्यांत माझं नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा रविवार, दुपार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा निबंध छापायला जायचा होता आणि सगळा तयार होता, एक जागा सोडून. शेजारी देशाने संचलनात ते राखाडी विमान पहिल्यांदा दाखवलं होतं, एवढंच; त्याची माहिती नाही, मापं नाहीत, वर्तमानपत्रातला एक फोटो तेवढा. त्या फोटोत विमानाशेजारी एक जीप उभी होती. जीप किती लांब असते ते ठाऊक, म्हणून त्याने फोटोवर पट्टी ठेवून जीप मोजली, मग विमानाचे पंख मोजले, त्यावरून पोट, पोटावरून इंधन, इंधनावरून पल्ला, असा तो अंदाजाच्या शिडीवरून चढत गेला आणि साडेतीनशे ते चारशेच्या मध्ये कुठेतरी जाऊन अडकला. वायुदलातले एक निवृत्त अधिकारी त्याच्या ओळखीचे होते. त्यांना विचारून घ्यावं म्हणून त्याने चार वेळा फोन लावला, पण त्यांनी उचलला नाही. गोटी – तेव्हा दुसरीतली त्याची मुलगी – टेबलावर पाय सोडून बसली होती आणि बायको तिची नखं कापत होती.

साडेतीनशे लिहू की चारशे, असं तो मोठ्याने म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.

बायको मान वर न करता म्हणाली, "गोल आकडा लिहू नकोस. लॅबमध्ये रोज बघते ना मी. रिपोर्टमध्ये शंभर आलं की पेशंट म्हणतो, पुन्हा तपासा. अठ्ठ्याण्णव आलं की मुकाट घरी जातो."

"मग किती लिहू?"

"तीनशे ऐंशी लिही. मोजल्यासारखं वाटतं."

गोटीला तो आकडा फार आवडला. पुढचा दात नव्हता तिचा, ती 'तीनथे ऐंथी, तीनथे ऐंथी' करत घरभर नाचली. त्याने लिहिलं, तीनशे ऐंशी, आणि खाली तळटीप दिली: जाणकारांशी झालेल्या चर्चेच्या आधारे. पुढे त्या अधिकाऱ्यांची गाठ पडली की विचारून पक्कं करू, असं खरोखरच त्याच्या मनात होतं. ते गृहस्थ त्याच पावसाळ्यात वारले. निबंध छापला गेला, करड्या पुठ्ठ्याच्या खंडात, आणि संस्थेच्या ग्रंथालयात सगळ्यात खालच्या फळीवर जाऊन बसला. वर्षभराने एका परदेशी अहवालात 'स्थानिक तज्ज्ञांच्या मते' म्हणून तो आकडा दिसला तेव्हा त्याला गुदगुल्या झाल्या होत्या. तज्ज्ञांच्या मते! नखं कापणारी तज्ज्ञ. त्याने बायकोला तो अहवाल दाखवलासुद्धा होता, आणि ती हसून हसून खोकली होती. मग दुसऱ्याने पहिल्याचा घेतला, तिसऱ्याने दुसऱ्याचा, 'स्थानिक तज्ज्ञ' मध्येच कुठे गळून पडले, आणि तो नंतर विसरून गेला... विसरलो का मी? नाही. लक्ष ठेवणं सोडलं. पोर परदेशात चांगलं स्थिरावलं की बाप पत्र लिहायचं सोडतो, तसं.

आणि आज ते पोर ड्रोनबाईचं बोट धरून घरी आलं होतं, बापाचं नाव न लावता.

तो उठून ग्रंथालयात गेला. आपलाच निबंध, आपल्याच शब्दांतली ती ओळ एकदा डोळ्यांनी बघावी, एवढंच होतं मनात. पण खालच्या फळीवर त्या खंडाच्या जागी फट होती. ग्रंथपाल म्हणाल्या, तो मागच्या आठवड्यात कुणीतरी नेलाय, नाव बघून सांगू का? त्याने नको म्हटलं. अकरा वर्षांत ज्या खंडाला कुणी हात लावला नव्हता तो कुणीतरी नेला, याचंच त्याला जिन्यापर्यंत बरं वाटत राहिलं. मग विचार न करता तो खाली उतरायच्या ऐवजी वर चढला. तिच्या खोलीचं दार उघडं होतं. ती खिडकीत पाठमोरी उभी राहून फोनवर कुणाला तरी परवाबद्दल सांगत होती आणि हसत होती, आणि तिच्या टेबलावर ऊन पडलं होतं, कागदांवर, चष्म्याच्या डबीवर, चहाच्या रिकाम्या कपावर. उन्हाचासुद्धा हेवा वाटावा इतकी आपली पायरी घसरली आहे, हे त्याच्या लक्षात आलं. तो तसाच मागे फिरला.

खोलीत येऊन त्याने अर्ज पुढे ओढला. प्रसिद्धीस योग्य. दुरुस्तीसह योग्य. अयोग्य. तीन चौकोन. आणि मग ती कल्पना त्याला सुचली, अगदी शांतपणे, आगाऊपणा न करता, जणू बराच वेळ दाराशी उभी होती आणि आता आत आली. पहिल्या चौकोनात खूण करायची. कुठलीही सूचना नाही, निर्दोष निबंध, अभिनंदन. बस्स. परवा त्या समितीत एखादं तरी जुनं खोड असेलच, एखादा निवृत्त सेनाधिकारी, तो चष्मा वर करून विचारेल, बाई, हा तीनशे ऐंशी आला कुठून? ती चार नावं सांगेल. तो म्हणेल, त्यांना कुठून मिळाला? ती गप्प होईल. गोल टेबलाशी, पाटीच्या मागे, पाण्याच्या ग्लासासमोर ती गप्प बसलेली त्याला दिसली, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या – नवीन होती तेव्हा चूक दाखवली की तिच्या पाळ्या अशाच लाल होत – आणि त्या चित्राने त्याला इतकं सुख झालं की त्याने डोळे मिटून घेतले. त्यात मी काही केलेलं नसेल. मी फक्त वाचलं आणि मला काही खटकलं नाही. हे बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पण सवय वाईट. पेन्सिल चौकोनावर टेकलेली असतानाच त्याच्या मनात आलं की निदान आकडा बरोबर आहे का ते तरी बघावं, म्हणजे तिचं हसं होईल ते पुराव्यानिशी होईल, नुसत्या संशयावर नव्हे. कपाटातल्या सगळ्यात जुन्या फाइलमध्ये तो फोटो होता, पिवळा पडलेला. समासात त्याच्याच हाताने लिहिलेलं – जीप ४, पंख १२. म्हणजे पंख तीन जिपांएवढे. त्याने पट्टी घेतली आणि फोटोवर टेकवली. पट्टीचं टोक जिपेच्या मागच्या चाकाशी लावलं, पुढच्या दिव्यापाशी वाचलं. चार. बरोबर. मग पंख मोजले. पंख तिरपे, पट्टी तिरपी ठेवावी लागली, पाचपासून सतरापर्यंत. बारा. तेही बरोबर. तो पट्टी उचलणार, एवढ्यात ट्यूबलाइटचा उजेड पुन्हा त्या खाचांमध्ये चमकला.

टोक म्हणजे शून्य नव्हतं. टोक म्हणजे एक होता.

चारातून एक गेला, तीन. जीप तीन सेंटिमीटरची. पंख पाचपासून मोजलेले, म्हणून बाराच. मग पंख तीन जिपांएवढे नव्हेत, चार जिपांएवढे. विमान त्याने मानलं त्याहून एक जीप मोठं, पोट मोठं, इंधन जास्त, आणि पल्ला... त्याने मनातल्या मनात ती शिडी पुन्हा चढायला घेतली आणि पाचशेच्या पुढे गेल्यावर चढायचं सोडलं. आता पट्टी तुटकी आहे म्हणून तेव्हाही होती असं थोडंच आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. अकरा वर्षांत वस्तू झिजतात. हिचं काय वय, कधी घेतली, कधी मोडली, कुणाला आठवतंय? आठवणारं एकच माणूस होतं, आणि ते लॅबमध्ये कामात असणार होतं. तरी त्याने फोन लावला.

"ती पट्टी?" बायको म्हणाली. मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं. "ती गोटीने खाल्ली. पहिलीत होती तेव्हा. कडकन मोडली आणि तिचा हलणारा दात त्यातच पडला, आठवत नाही? तू तो दात पाकिटात घालून आठवडाभर हिंडत होतास."

"पहिलीतच? नक्की?"

"नक्की. दुसरीत गेली तरी नवा आला नव्हता, केवढी काळजी करत होतो आपण. का रे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणायला कुणी भर दुपारी फोन करतं का?"

त्याने घरी आल्यावर सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला. तीनथे ऐंथी, तीनथे ऐंथी. बोळकं पसरून घरभर नाचणारी पोर. दात गेला तेव्हाच पट्टी गेली होती, आणि दात तर त्या रविवारी नव्हताच. पुरावा नाचत होता त्याच्यासमोर, आणि तो टाळ्या वाजवत होता.

आता पान एकोणीस वेगळंच दिसू लागलं. तिथे ड्रोनबाईने स्वच्छ लिहिलं होतं की सीमेपासून चारशे किलोमीटरच्या पलीकडे हे विमान पोचत नसल्याने आतल्या पट्ट्यातली रडार काढून पुढे नेता येतील. आतल्या पट्ट्यात दोन धरणं होती. एक मोठं शहर होतं, तिने नकाशात फिकट हिरव्या रंगात दाखवलेलं. सुरक्षित म्हणून हिरवं. नकाशा तिने सुरेख काढला होता. समितीने विचारलं नाही तर? ते जुनं खोड त्या दिवशी आजारी असलं तर? ती बोलेल, सगळे माना डोलावतील, रडार हलतील... आणि त्याच्या मनातलं ते लाल पाळ्यांचं चित्र अजूनही तिथेच होतं, अजूनही गोड होतं, हेच त्याला भयंकर वाटलं. शहर एका बाजूला आणि तिच्या कानाच्या पाळ्या एका बाजूला, आणि तराजू त्याला हवा तसा झुकेना. शिवाय सांगायचं म्हणजे काय सांगायचं? दुरुस्तीसह योग्य, सूचना – तीनशे ऐंशी हा आकडा परीक्षकाने स्वतः, बायकोच्या सल्ल्याने, मोडक्या पट्टीने काढलेला आहे. जगात पोचलेली त्याची एकच गोष्ट, आणि ती ही. बावीस वर्षं तो लोकांच्या तळटिपा तपासत आला होता. उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याच्याच तळटिपेवर हसतील, आणि नंतरही, तो निवृत्त झाल्यावरही, नवीन येणाऱ्यांना ही गोष्ट गमतीने सांगितली जाईल. नाही सांगितलं तर कुणाला कळणार? कुणालाच नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

वरून खर्र आवाज आला. ती उठली होती. मग जिन्यावर पावलं, आणि ती थांबली नाहीत, त्याच्याच दारापर्यंत आली.

"सर, आत येऊ?"

पावणेपाच वाजले होते. तिच्या काखेत करड्या पुठ्ठ्याचा खंड होता. त्याने अर्जावर कोरा कागद सरकवला, उशिरा. तिने टेबलाकडे बघितलं आणि हसली.

"परीक्षण तुमच्याकडे आलंय हे मला माहीत नसायला हवं. पण पट्टी दिसतेय."

त्याने बस म्हटलं. ती टेबलाच्या त्याच टोकाला बसली जिथे आठ वर्षांपूर्वी बसायची, खंड मांडीवर घेऊन. म्हणाली, तुम्हीच सांगायचात ना, आकडा दिसला की आधी त्याचा बाप शोध. तर मी शोधला. पाच दिवस लागले. चारही अहवाल फिरून फिरून तुमच्यापाशीच येऊन थांबतात. तिच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता, घरचं काम दाखवावं तसं ती सांगत होती, आणि तो वाट बघत होता, की आता म्हणेल, आता...

"तुमचं नाव मी मुद्दाम गाळलं, सर."

त्याने टेबलावरची पट्टी उचलून हातात घेतली.

"रागावू नका. तुम्ही नुसतं 'जाणकारांशी चर्चा' एवढंच लिहिलंयत. म्हणजे वायुदलातलीच माणसं असणार, आणि तुम्ही कुणाला तरी शब्द दिला असणार. तुमचं नाव घातलं असतं, तर समितीने तुम्हाला बोलावून त्यांची नावं काढायला लावली असती. मला ते नको होतं."

म्हणजे चार नावांच्या आड तिने त्याला लपवलं होतं. दिवसभर तो ज्या जागी स्वतःचं नाव शोधत होता, ती जागा तिने त्याच्यासाठी राखून रिकामी ठेवली होती. त्याला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण असूया चिवट असते, एक दार लावलं की दुसऱ्याने येते. आता त्याला तिच्या त्या विश्वासाचाच हेवा वाटला. इतकं सरळ, इतकं खात्रीने कुणाबद्दल तरी असं मानता येणं – त्याने आयुष्यात कुणाबद्दल मानलं होतं? आणि ती ज्या माणसाबद्दल बोलत होती, शब्द पाळणारा, चार जाणकारांत उठबस असलेला, नावं ओठांत धरून ठेवणारा, त्या माणसाचाही त्याला हेवा वाटला. तो माणूस त्याला कुठेच भेटला नव्हता.

"नावं नकोतच मला," तिने वही उघडली, पेनचं टोपण काढलं. "परवा कुणी विचारलंच, तर सांगण्यापुरतं. किती जण होते, तेवढं सांगाल?"

तो मोजू लागला. एक नखं कापत होती. एकीची नखं कापली जात होती. आणि एक पट्टी घेऊन बसला होता. फोन न उचललेले गृहस्थ धरायचे नाहीत.

"तीन," तो म्हणाला.

तिने वहीत तीन लिहिलं, त्याखाली रेघ मारली. त्या रेघेकडे तो बघत राहिला. दिवसभरात तोंडातून निघालेली ही पहिली खरी गोष्ट होती आणि ती खोट्याच्याच कामी आली होती.

"माणसं भरवशाची होती ना, सर?"

होती. त्या तिघांपैकी दोघींहून भरवशाची माणसं त्याला जन्मात भेटली नव्हती, पंचाईत तिथेच तर होती. त्याने मान हलवली. हो अशी की नुसतीच, ते त्याला स्वतःलाही नीट कळलं नाही. तिलाही कळलं नसावं, कारण तिने लिहिलं काही नाही आणि पेनचं टोपणही लावलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती. पट्टी त्याच्या हातात होती आणि खाल्लेलं टोक अंगठ्याखाली झाकलेलं होतं. अंगठ्याला त्या खाचा टोचत होत्या, गोटीच्या दातांच्या, एकेक वेगळी मोजता यावी इतक्या. सकाळपासून तिने पडावं, गप्प व्हावं, लाल व्हावं असं त्याला वाटत आलं होतं. आताही ते वाटणं गेलं नव्हतं. फक्त त्याच्या शेजारी दुसरं एक वाटणं येऊन बसलं होतं, अवघडून, परक्या घरी आल्यासारखं – तिने अजून एकदा विचारावं. तेवढंच, अजून एकदा. आणि ती विचारणार हे त्याला ठाऊक होतं, कारण एकदा विचारून गप्प बसू नये, हेही तिला त्यानेच शिकवलं होतं.